हेडफोनद्वारे दोन गिटारींचा सहसराव

हेडफोनद्वारे दोन गिटारींचा सहसराव म्हणजे दोन वादकांनी एकाच खोलीत बसून, वादनाचा आवाज बाहेर न जाऊ देता, स्वतःचे व जोडीदाराचे वादन हेडफोनवर ऐकत केलेला एकत्र रियाज होय. या पद्धतीत गिटारीचा स्वर ध्वनिवर्धकातून खोलीत पसरत नाही. दोन्ही वाद्यांचे विद्युत् संकेत मिक्सरसारख्या उपकरणात एकत्र येतात आणि तेथून दोघांच्या कानांपर्यंत पोहोचतात. या पद्धतीला ‘मूक सराव’ असेही म्हटले जाते.

एका वादकाने हेडफोन लावून वाजवणे सोपे असते. दुसरा वादक आला की प्रश्न बदलतो, कारण तेव्हा दोघांनाही दोन्ही स्वर एकाच वेळी आणि योग्य प्रमाणात ऐकू यावे लागतात. या मांडणीतील जवळजवळ प्रत्येक अडचण ही एक अट पुरी न झाल्यामुळे उद्भवते.

पार्श्वभूमी

विद्युत् गिटार १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बाजारात आली. त्याआधीच, १९१० मध्ये नॅथानिएल बाल्डविन यांनी अमेरिकी नौदलासाठी हेडफोन बनवले होते. संगीत ऐकण्यासाठीचे स्टिरिओ हेडफोन मात्र जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये आणले. ‘बोस्टन’ या रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक व अभियंते टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये ‘रॉकमन’ हा कमरेला अडकवता येणारा हेडफोन-ॲम्प्लिफायर तयार केला, आणि मोठ्या ॲम्प्लिफायरसारखा स्वर घरात, कोणालाही न जागवता, ऐकणे शक्य झाले. यामाहा कंपनीने २००१ मध्ये ‘सायलेंट गिटार’ बाजारात आणली. तिला पोकळ पेटी नसते. केवळ कडेची चौकट असते.

१९७९ मध्ये आलेल्या सोनीच्या पहिल्या ‘वॉकमन’मध्ये हेडफोनसाठी दोन छिद्रे होती. शिवाय एक बटण दाबले की संगीत मंद होऊन दोन्ही श्रोत्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येई. पुढील प्रतिकृतींमधून ही सोय नाहीशी झाली. मूक सरावासाठी बसणाऱ्या जोडीला नेमकी तिचीच उणीव भासते.

गरज आणि कायदा

महाराष्ट्रातील शहरांतील सदनिका, चाळी आणि तालुक्याच्या गावांतील भिंतीला भिंत लागलेली घरे यांत वाद्याचा रियाज हा शेजारधर्माचा प्रश्न असतो. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट हे त्याचे बोलके उदाहरण म्हणता येईल. श्री स्वामी समर्थांच्या समाधीमुळे तीर्थक्षेत्र ठरलेल्या या गावात आरती, भजन आणि यात्रेकरूंची वर्दळ यांचा नाद रस्त्यावर दिवसभर असतो, आणि तो कोणाला खटकतही नाही. पण जुन्या वाड्याच्या चौकाभोवतीच्या खोल्यांत एकीकडे दहावी-बारावीचा अभ्यास आणि दुसरीकडे आजी-आजोबांची झोप असते. तेथे रात्री नऊनंतर वाजणारा ॲम्प्लिफायर साऱ्या वाड्याला ऐकू जातो. दिवसा शाळा-महाविद्यालय वा नोकरी असलेल्या मुलांना मात्र सरावासाठी तीच वेळ मोकळी मिळते. रियाज टिकतो की सुटतो, हे पुष्कळदा गुणवत्तेपेक्षा अशा तासांवर अवलंबून असते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे देशभर लागू आहेत. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ असा काळ धरला जातो. शांतता क्षेत्रासाठी हेच आकडे ५० आणि ४० आहेत. २०१० च्या दुरुस्तीने ध्वनिक्षेपकांबरोबर वाद्यांचाही स्पष्ट उल्लेख नियमांत आला. खाजगी जागेतील ध्वनियंत्रणा किंवा ध्वनी निर्माण करणारे साधन यांचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर विहित मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, असेही बंधन आहे. शांत खोलीतील साध्या संभाषणाची पातळी सुमारे ६० डेसिबल असते, हे ध्यानात घेतले म्हणजे रात्रीची मर्यादा किती खाली आहे याची कल्पना येते.

गिटारीपासून कानापर्यंत

विद्युत् गिटारीच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, अशी त्याची रचना असते. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युत् दाब निर्माण होतो. पोकळ पेटीच्या गिटारीत बहुधा घोडीखाली दाबविद्युत् स्फटिकाची पट्टी बसवतात. दोन्ही प्रकारांतील संकेत इतका दुबळा असतो, की हेडफोन थेट गिटारीला जोडल्यास जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मध्ये वर्धक लागतोच.

हा वर्धक कोणताही चालत नाही. पिकअपचा संरोध, म्हणजे इम्पिडन्स, बराच जास्त असतो. म्हणून ज्या उपकरणाला गिटार जोडायची त्याच्या प्रवेशाचा संरोध सुमारे १० लाख ओहम असावा लागतो. मिक्सरवर अशा छिद्राजवळ ‘हाय-झेड’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ असे लिहिलेले असते. गिटार साध्या ‘लाइन’ छिद्रात खोचली तर आवाज येतो, पण वरचे स्वर मावळतात आणि गिटार कांबळ्यात गुंडाळल्यासारखी ऐकू येते. नवशिके वादक अशा वेळी गिटारीला किंवा तारांना दोष देतात. वस्तुतः चूक छिद्राच्या निवडीत असते.

दोन गिटारी एकाच ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची जोडतार वापरण्याचा मोह होतो. ती स्वस्त असते, पण या कामी निरुपयोगी ठरते. अशा जोडणीत दोन्ही पिकअप एकमेकांवर भार टाकतात, आणि एकाने आपल्या गिटारीवरील आवाजाचे बटण शून्यावर आणले की सामान्यतः दुसऱ्याचाही आवाज बंद होतो, कारण त्या बटणाने संकेताची वाट जमिनीशी जोडली जाते. प्रत्येक गिटारीला स्वतंत्र प्रवेश देणे हाच खरा उपाय होय.

मांडणीचे प्रकार

सर्वांत स्वस्त मांडणी दोन छोट्या हेडफोन-ॲम्प्लिफायरची होते. काडेपेटीहून थोडे मोठे असलेले हे उपकरण थेट गिटारीच्या छिद्रात बसते आणि लहान बॅटऱ्यांवर किंवा अंगच्या बॅटरीवर चालते. त्यात बाहेरचे गाणे घेण्यासाठी ३.५ मिलिमीटरचे ‘ऑक्स’ छिद्र असल्यास दोन उपकरणे जोडता येतात. पहिल्याचा हेडफोन-निर्गम दुसऱ्याच्या ऑक्समध्ये जोडावा आणि दुसऱ्याच्या हेडफोन-निर्गमाला दुहेरी स्प्लिटर लावून दोघांचे हेडफोन तेथेच जोडावेत. पहिल्या वादकाच्या उपकरणाला मग हेडफोन लागत नाही. तोही दुसऱ्याच्या उपकरणातूनच ऐकतो. दोन्ही उपकरणे परस्परांच्या ऑक्सला जोडून आपापल्या ठिकाणी ऐकण्याचा प्रयत्न मात्र करू नये. त्यातून संकेताचे बंद वर्तुळ तयार होते आणि आवाज थोडा वाढवताच कानात कर्कश शीळ घुमू शकते.

दुसरी आणि दोघांच्या नियमित सरावाला सर्वांत सोयीची मांडणी छोट्या ॲनालॉग मिक्सरची आहे. चार-पाच वाटांच्या मिक्सरमध्ये हाय-झेड प्रवेश बहुधा एकच असतो. अशा वेळी दुसऱ्या गिटारीसाठी मध्ये एखादा इफेक्ट पेडल किंवा डीआय बॉक्स ठेवतात. त्यातून निघणारा संकेत कमी संरोधाचा असल्याने मिक्सरला चालतो. मिक्सरच्या हेडफोन-निर्गमाला चार वाटांचा हेडफोन-वर्धक जोडला, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या कानातील एकूण आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो. साध्या स्प्लिटरने हे साधत नाही. शिवाय एकाचा हेडफोन ३२ ओहमचा आणि दुसऱ्याचा २५० ओहमचा असल्यास स्प्लिटरवर दुसऱ्याला आवाज फारच मंद ऐकू येतो. स्प्लिटर वापरायचाच असेल तर दोन्ही हेडफोन एकाच प्रतिकृतीचे घ्यावेत.

तिसरी मांडणी संगणकाची. दोन गिटार-प्रवेश असलेला ऑडिओ इंटरफेस संगणकाला जोडून, संगणकातील प्रणालीत ॲम्प्लिफायरचे अनुकरण केले जाते. स्वरांची विविधता आणि ध्वनिमुद्रणाची सोय हे तिचे लाभ आहेत. विलंब हा तिचा दोष आहे.

घरी आधीच असलेला सरावाचा ॲम्प्लिफायरही वापरता येतो. बहुतेक छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोन खोचताच आतील कर्णा बंद होतो. निर्वात नलिकांच्या, म्हणजे ‘ट्यूब’च्या ॲम्प्लिफायरचा कर्णा मात्र आवाज नको म्हणून कधीही काढून ठेवू नये. भाराविना चालवल्यास त्यातील निर्गम-रोहित्र जळू शकते.

गिटारीचा कर्णा साधारणतः ५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर फारसे देत नाही, आणि आपल्या ओळखीचा ‘गिटारीचा आवाज’ या उणिवेतूनच घडलेला आहे. हेडफोन ते सारे स्वर निष्ठेने ऐकवतो. त्यामुळे विकृतीचा, म्हणजे डिस्टॉर्शनचा, परिणाम वापरल्यास हेडफोनमध्ये माशी घोंघावल्यासारखा आवाज येतो. ‘कॅबिनेट सिम्युलेशन’ नावाची सोय कर्ण्याची ही गाळणी कृत्रिमरीत्या पुरवते. ती नसल्यास मिक्सरवरील ‘हाय’चे बटण बरेच खाली आणून काम भागते.

विलंब

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. साडेतीन मीटर अंतरावर बसलेल्या सहवादकाचा स्वर १० मिलिसेकंद उशिरानेच पोहोचत असतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. हा विलंब २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला, की प्रत्येक वादक नकळत दुसऱ्यासाठी थांबू लागतो आणि लय हळूहळू ओढली जाते. दोघेही निर्दोष वाजवत असतात, पण एकत्र वाजत नाहीत.

ॲनालॉग मिक्सरमध्ये विलंब जवळजवळ नसतोच. संगणकात तो ‘बफर’च्या आकारावर ठरतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर २.७ मिलिसेकंदांचा होतो. जाता-येताचे दोन बफर आणि रूपांतराचा वेळ धरता एकूण विलंब १० मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. हे चालण्याजोगे आहे. १०२४ नमुन्यांचा बफर ठेवल्यास एकाच फेरीला २१ मिलिसेकंद लागतात आणि एकत्र वादन बिघडते.

ब्लूटूथ हेडफोन या कामासाठी वर्ज्य मानावेत. त्यांतील विलंब सामान्यतः १०० ते २०० मिलिसेकंदांचा असतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तर चौथाई मात्रा १२५ मिलिसेकंदांची होते. याचा अर्थ वादकाला आपलाच आघात चौथाई मात्रेने किंवा त्याहूनही उशिरा ऐकू येतो. अशा हेडफोनवर गाणे ऐकताना हे कळत नाही, कारण तेथे तुलना करायला दुसरे काही नसते. गिटारीची तार छेडताच कळते. आजकाल घरोघरी तेच हेडफोन असल्याने मूक सरावाचा पहिला प्रयत्न बहुतेकदा येथेच फसतो आणि वादक आपल्या तालज्ञानाविषयी उगाच साशंक होतो. तारेचा साधा हेडफोन अशा वेळी महागड्या बिनतारी हेडफोनहून सरस ठरतो.

समतोल आणि दिशा

१९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला एकत्र आहेत. प्रत्येक वाद्याचा पोत निराळा असल्याने कान त्यांना सहज वेगळे ओळखतो. दोन गिटारींना ही सवलत नाही. सर्वसाधारण जुळणीत दोहोंची सर्वांत खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची आणि सर्वांत वरची मोकळी तार ३३० हर्ट्झची असते. एकाच पट्ट्यातील दोन स्वर एकमेकांना झाकून टाकतात.

यावर पहिला उपाय दिशेचा आहे. मिक्सरवरील ‘पॅन’ने एक गिटार थोडी डावीकडे आणि दुसरी थोडी उजवीकडे ठेवावी. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर बटणाची खूण एकीकडे दहावर आणि दुसरीकडे दोनवर आणावी. पूर्ण टोकाला नेल्यास प्रत्येक कानात एकच वाद्य राहते, आणि खोलीत कधीच न येणारा हा अनुभव थोड्या वेळात थकवतो. दुसरा उपाय वादनातला आहे: एकाने खालच्या पडद्यांवर साथीचे स्वरसमूह वाजवावेत, दुसऱ्याने कॅपो लावून किंवा वरच्या पडद्यांवर धून घ्यावी.

पातळी ठरवताना दोघांनी एकच स्वरसमूह सारख्या जोराने वाजवून पाहावा. जोडीदार ऐकू येत नाही असे वाटले तर आधी स्वतःची पातळी कमी करावी. दोघेही आपापला आवाज वाढवत गेले तर समतोल साधत नाहीच, कानांवरचा ताण तेवढा वाढतो. भजनात टाळकऱ्याने पखवाजाला जागा द्यावी, तसेच येथेही साथ करणाऱ्याने मुख्य धुनीपेक्षा किंचित मागे राहणे इष्ट असते.

एका कानात दोन्ही गिटारी आणि दुसरा कान बहिरा, असा अनुभव आल्यास प्लग तपासावा. गिटारीच्या ६.३५ मिलिमीटरच्या प्लगवर एकच काळी कडी असते, स्टिरिओ हेडफोनच्या प्लगवर दोन. मोनो छिद्रात स्टिरिओ हेडफोन खोचल्यास एकच बाजू वाजते.

जुळवणी, तानपुरा आणि ताल

दोन्ही गिटारी एकाच आधाराला, सहसा ४४० हर्ट्झच्या ‘ए’ला, जुळवलेल्या असाव्यात. ११० हर्ट्झची तार दुसऱ्या गिटारीवर ११२ झाली असेल तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. या विस्पंदांकडे खोलीत दुर्लक्ष होऊ शकते, हेडफोनमध्ये होत नाही. दोघांनी वेगवेगळ्या ट्यूनरवर जुळवण्यापेक्षा एकाने ट्यूनरवर व दुसऱ्याने त्याच्या गिटारीवरून कानाने जुळवणे अधिक लाभदायक. त्यात कानाचाही रियाज होतो.

मिक्सरची उरलेली वाट येथे उपयोगी पडते. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, आणि आज तो मोबाइलमधील ॲपच्या रूपानेही मिळतो. मोबाइलचा तानपुरा, तालमाला किंवा मेट्रोनोम तारेने मिक्सरच्या तिसऱ्या वाटेत दिला, की दोघांनाही एकच षड्ज आणि एकच लय मिळते. ज्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या भोपळ्याचा घुमारा या साधनांत नसतो, हे खरे. पण रात्री अकरा वाजता जवारी काढलेला तानपुरा छेडणेही शक्य नसते.

गुणगुण आणि वीज

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्याची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झला ऐकू येते. एकेरी वेढ्याचा पिकअप ती सहज पकडतो. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत विकसित केलेला दुहेरी ‘हमबकर’ ती बरीच रद्द करतो. वादकाने बसण्याची दिशा थोडी बदलली तरी गुणगुण कमी होते. लॅपटॉप चार्जरवर असताना येणारी चिरचिर चार्जर काढताच थांबते.

जुन्या घरांत अनेक ठिकाणी बटणांच्या पेटीला अर्थिंग नसते, किंवा असूनही ते नादुरुस्त असते. विद्युत् गिटारीच्या तारा घोडीमार्गे उपकरणाच्या जमीन-जोडणीशी जोडलेल्या असतात आणि वादकाचे हात सतत त्या तारांवर असतात. उपकरणात दोष निर्माण झाला आणि अर्थिंग नसले, तर तोच प्रवाह वादकाच्या शरीरातून जाऊ शकतो. म्हणून गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडणे किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणे जिवावर बेतू शकते. तारांना हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले तर सराव तत्काळ थांबवून वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी. बॅटरीवर चालणाऱ्या मांडणीत हा धोका राहत नाही. वीज गेली तरी सरावही खंडत नाही.

संभाषण

हेडफोन लावलेल्या दोन वादकांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. दर वेळी हेडफोन काढून “परत पहिल्यापासून” असे सांगण्यात सरावाची लय तुटते. मिक्सरला मायक्रोफोनचा प्रवेश असल्यास एक साधा माइक दोघांच्या मध्ये ठेवावा. पुटपुटलेली सूचनाही मग दोघांना स्पष्ट मिळते. समोरासमोर बसून मानेने सम दाखवण्याची गायक-तबलजींची जुनी रीतही येथे चांगली चालते.

श्रवणसुरक्षा

शेजाऱ्यांना वाचवताना वादकाने स्वतःचे कान गमावू नयेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास, तर लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास ही मर्यादा धरली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की हा वेळ निम्मा होतो. प्रौढ व्यक्तीसाठी ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास उरतात, आणि हेडफोनवर ही पातळी सहज गाठली जाते.

अचानक होणारे स्फोटही टाळायला हवेत. चालू मिक्सरला केबल जोडताना किंवा काढताना मोठा ठोका बसतो. आवाज शून्यावर, मग जोडणी, मग हेडफोन डोक्यावर आणि सर्वांत शेवटी आवाज वाढवणे, हा क्रम दोघांनी न चुकता पाळावा. बाहेरचा गलबला झाकण्यासाठी आवाज वाढवावा लागू नये म्हणून कान पूर्ण झाकणारे बंद पाठीचे हेडफोन घेतात. उघड्या पाठीचे हेडफोन ऐकायला मोकळे वाटतात, पण त्यांतून स्वर बाहेर झिरपतो.

मर्यादा

मूक सराव अगदी मूक नसतो. भरीव विद्युत् गिटारीच्या तारांची किणकिण आणि प्लेक्ट्रमचे घासणे त्याच खोलीत झोपलेल्या माणसाला ऐकू येते, आणि तालासाठी आपटलेला पाय खालच्या मजल्यावर पोहोचतो. पायाखाली घडी केलेली सतरंजी एवढ्याने तो प्रश्न मिटतो. पोकळ पेटीची गिटार मात्र पिकअप लावूनही मोठ्यानेच वाजते. तिच्या नादछिद्रावर रबरी झाकण बसवले तर घोंगावणे कमी होते, तरी रात्रीच्या सरावाला भरीव गिटारच योग्य.

हेडफोनवर आघाताचा जोर आणि प्रत्यक्ष आवाज यांचा संबंध तुटतो. मंद वाजवले तरी बटणाने मोठे ऐकू येत असल्याने हाताला हलक्या आघाताची सवय जडते, आणि सभागृहात तेच वादन फिके पडते. त्यामुळे मूक सराव करणाऱ्या जोड्यांनी आठवड्यातून एकदा तरी दिवसा, हेडफोनविना, एकाच खोलीत वाजवावे. आघातांचा जोर, स्वर विरण्यास लागणारा काळ आणि खोलीचा स्वतःचा नाद त्याच वेळी पारखता येतो.